हबसाणची पेटी आणि काकूंचा झोपाळा

कल्याणला खोली शोधत फिरत होतो तेव्हा प्रत्येक घरात मला नाव, गाव, गोत्र आणि पगार विचारला गेला. एका घरात मात्र काहीच विचारलं नाही. मालकांनी मला पाटावर बसवलं, पान वाढायला सांगितलं आणि समोर मांडी घालून मी कसा जेवतो ते पाहत बसले. मी ठाण्याचा, मामलेदार कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलेला, आणि सकाळपासून उपाशी. वरणभात संपायच्या आत मी ताकाकडे पाहिलं, भाजी पुन्हा मागून घेतली, आणि पलीकडे कोणासाठी तरी झाकून ठेवलेलं लोणचं दिसलं तेव्हा तेही मागितलं. मालकांनी मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, हा इटली आहे. राहू दे. उपद्रव नाही, ज्याचं पान आधी मांडलं जाईल त्याच्या पंगतीला बसेल."

त्या दिवसापासून मी त्या घरात इटली होतो. काकूसुद्धा हाक मारताना "अहो इटली, पानं घेतली" असं म्हणायच्या. इटली हे देशाचं नाव आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण भाजी पुन्हा मागणाऱ्या माणसाला इटली म्हणतात एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मला राग यायचा, पण आमटी फार चांगली असायची.

मालकांना सारं कल्याण कमसरेटकाका म्हणत असे. फौजेच्या पोटापाण्याचं जे खातं असतं ते कमसरेट. त्या खात्यात काका कारकून होते आणि इंग्रजांची फौज मुंबईहून जहाजांत बसून हबसाणच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाच्या, राजावर गेली तेव्हा तिच्यामागे बिस्किटं, पोती आणि खेचरं घेऊन तेही गेले. लढाई झाली ती आत डोंगरात. काका सगळा वेळ किनाऱ्यावरच्या कोठारात. आयुष्यात बंदुकीचा आवाज त्यांनी एकदाच जवळून ऐकला, तोही एका शिपायाने कोल्हा समजून आपल्याच खेचरावर बार काढला तेव्हा. हे ते स्वतःच सांगत. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नसे, कारण त्यांच्या मते लढाई कोठारातच होते, पुढे डोंगरात नुसता निकाल लागतो.

तर त्या कोठारावर परमुलखांचे साहेब येत. इंग्रज कसे लढतात ते पाहायला युरोपातल्या इतर राजांनी आपापले अंमलदार धाडले होते. एक जर्मन, एक फ्रेंच, एक ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा. त्यांचा शिधा काकांच्या हातून जाई. जर्मन साहेब बिस्किटं मोजून घेई आणि कालच्या बिस्किटाशी आजचं ताडून पाही. फ्रेंच साहेब बिस्किटाचा वास घेई, उसासा टाकी आणि आपल्या आचाऱ्याला शेजारच्या तंबूत सौदा करायला पाठवी. ऑस्ट्रियाचा साहेब सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर येई, पण उशिराची माफी इतकी गोड मागे की देणाऱ्यालाच आपण लवकर जेवल्याची लाज वाटावी. आणि इटलीचा साहेब शिधा न्यायला फारसा येतच नसे, कारण त्याला कोणी ना कोणी जेवायला बोलावलेलं असे.

सगळ्या युरोपातून एकेकच माणूस काकांनी पाहिला होता, आणि तेवढा त्यांना जन्मभर पुरला. प्रत्येक राष्ट्राला लढायचं एक वळण असतं, ते त्याच्या ताटात दिसतं, आणि ते राजा बदलला तरी बदलत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. दोन राष्ट्रांनी तह करून एकत्र लढायचं ठरवलं की बाकीचे लोक तोफा मोजत, काका जेवणाच्या वेळा विचारत. "शत्रूची मला चिंता नाही," ते म्हणायचे. "तो समोर उभा असतो आणि त्याचं त्याचं जेवून आलेला असतो. दोस्त आपल्या शेजारी उभा असतो. त्याला भूक लागली की पंचाईत."

मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे शिळं होऊन येई. काका ते ओटीवर बसून मोठ्याने वाचत. रशिया आणि तुर्क यांची लढाई होऊन गेली होती, आणि आता जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली यांनी आपसांत दोस्ती केल्याच्या बातम्या येत. ती बातमी आली त्या दिवशी कचेरीतून मी आलो तर काका माझी वाट पाहत उभे. जणू काही तहावर मीच सही करून आलो होतो. त्यांनी मला उभ्याउभ्याच खडसावलं की जर्मनी वेळेवर बसेल, ऑस्ट्रिया उशिरा येईल, आणि तुम्ही काय करणार आहात ते मला माहीत आहे. मी पाय धुवायला गेलो.

हबसाणहून त्यांनी एकच वस्तू आणली होती. बिस्किटांची रिकामी पेटी. जाड फळ्यांची, लांबलचक, कड्या लावलेली, आणि झाकणावर काळ्या रंगात सरकारी अक्षरं छापलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला काकांनी तेलरंगाने युरोपचा नकाशा काढला होता. झाकण उघडून भिंतीला टेकवलं की आळीतले लोक समजत, आज युरोपात काहीतरी बिनसलंय. नकाशातली राष्ट्रं म्हणजे झाकण आडवं ठेवून मांडलेल्या सुपाऱ्या. तुर्कस्तान मात्र जुनी खारीक होती, आणि सगळ्या सुपाऱ्या तिच्याकडे तोंड करून असत. एकदा अवचित पाहुणे आले आणि घरात सुपारी नव्हती, तेव्हा काकूंनी जर्मनी कातरून विड्यात घातला. काका संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवीन जर्मनी आला, पण हा पहिल्याइतका टणक नाही अशी त्यांची तक्रार कायम राहिली.

पेटीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ती ओटीच्या डाव्या अंगाला असे. उजव्या अंगाला काकूंचा झोपाळा.

झोपाळा काकूंच्या माहेरचा. चिपळूणच्या त्यांच्या वडिलांनी आपल्या परसातला साग पाडून तो करवला होता आणि काकूंची आई त्याच्यावर बसून दुपारी तांदूळ निवडत असे. आई गेल्यावर भावांनी विचारलं की तुला काय हवं, तेव्हा काकूंनी दागिना मागितला नाही, झोपाळा मागितला. तो गलबतातून आला, खाडीने वर आला आणि पितळी साखळ्यांनी आमच्या ओटीला लागला. दुपारचं आवरलं की काकू त्याच्यावर बसायच्या. पायाने हळू रेटा द्यायच्या आणि डोळे मिटायच्या. तेवढा वेळ त्यांना कोणी हाक मारायची नाही असा नियम होता, आणि युरोपची काहीही अवस्था असली तरी काका तो पाळत. काकूंना मूलबाळ नव्हतं. दिवसातला तो तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा होता, आणि तो पाहताना मला माझ्या आईची आठवण यायची.

आता शिमग्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे होळीला लाकूड विकत आणत नाहीत. ते चोरायचं असतं. दुसऱ्या आळीतून लाकडं, मोडके पाट, फाटकाची दारं, काय हाताला लागेल ते पळवायचं आणि आपल्या होळीत घालायचं. होळीत पडलेली वस्तू परत मागायची नाही आणि ज्याची गेली त्याने रागवायचं नाही. या कामात सुतारआळीचा हात धरणारं कोणी नव्हतं. खरं म्हणजे त्यांच्याकडे लाकडाला काय तोटा? मानपाड्याकडून गाड्या भरभरून ओंडके त्यांच्याच दारात उतरत. ढलप्यांची होळी केली असती तरी ज्वाळा दुर्गाडीच्या बुरुजावरून दिसल्या असत्या. पण घरचं लाकूड जाळणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते तत्त्वासाठी चोरत.

त्यांचा म्होरक्या विश्राम सुतार. हसतमुख, धिप्पाड, कानाला पेन्सिल. माघात एकदा तो आमच्या ओटीशी उभा राहिला, झोपाळ्याची फळी बोटांनी वाजवून पाहिली, आणि जाता जाता काकांना म्हणाला, "काका, यंदा हा आमच्याकडं बरं का."

काकूंनी ते आतून ऐकलं. त्या बाहेर आल्या आणि शांतपणे काकांना म्हणाल्या, "झोपाळा गेला तर मी चिपळूणला जाईन. आणि मला न्यायला येऊ नका." एवढं बोलून त्या पुन्हा आत गेल्या आणि फोडणी घातल्याचा आवाज आला.

दुसरा कोणी असता तर त्याने झोपाळा काढून माळ्यावर टाकला असता, वर कुलूप लावलं असतं. मी तसं सुचवलंही. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की इटलीकडून हीच अपेक्षा होती. त्यांनी पेटी उघडली, सुपाऱ्या मांडल्या आणि जाहीर केलं की एकट्याने बचाव करणं हा रानटीपणा आहे. दोस्तांची फळी उभी करायची. हबसाणहून परतल्यापासून त्यांनी युरोपातले सगळे तह सुपाऱ्यांवर करून पाहिले होते, मोडून पाहिले होते. स्वतः एकही केला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही.

दोस्त निवडले ते दोन. एक, पेन्शनरांची आळी, जिथे पलटणीतून परतलेले म्हातारे शिपाई राहत आणि त्यांच्यावर एका सुभेदारांचा हुकूम चाले. दोन, खाडीकाठचा कोळीवाडा, जिथे पुरुष मचव्यावर असत आणि जमिनीवरचं सगळं पाटलीणबाई ठरवत. तिसरे आम्ही, म्हणजे कारकून, मास्तर आणि एक भिक्षुक. बैठक आमच्या अंगणात बदामाखाली भरली, कारण अंगणात कोणाच्याच सोवळ्याला धक्का लागत नव्हता. काकांनी सगळ्यांना पोहे दिले. ते अर्थातच आदरातिथ्य नव्हतं, ती पाहणी होती.

सुभेदार पोह्यांकडे पाहत ताठ बसले. काकांनी "घ्या" म्हटल्याशिवाय त्यांनी हात लावला नाही, आणि "पुरे" म्हटल्याशिवाय थांबलेही नाहीत. पाटलीणबाईंनी बशी बाजूला सारली आणि सांगितलं की मी घरून जेवून आलेय. काका हरखले. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "स्वतःचं खाऊन आलेला दोस्त. जन्मात एखादाच भेटतो." आमच्या आळीच्या भिक्षुकाने दोघांच्या वाटचे पोहे संपवले.

तह गुळाचा खडा तोंडात घालून झाला. पण काका एवढ्यावर थांबणारे नव्हते. दोस्त फुटतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि फुटू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक आळीने आपली जिवापाड जपलेली लाकडी वस्तू पुढच्या आळीकडे ओलीस ठेवायची. सुभेदारांची चांदीच्या मुठीची छडी आमच्याकडे. पाटलीणबाईंच्या मचव्याचं मोठं वल्हं पेन्शनरांकडे. आणि आमच्याकडून कोळीवाड्यात झोपाळ्याची फळी. ज्याची वस्तू दुसऱ्याच्या घरात तो दगा करणार नाही, आणि शिवाय सुतारआळीला झोपाळा आमच्या ओटीवर सापडणारच नाही. एका दगडात दोन पक्षी पडल्यावर माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल तर त्या वेळी काकांना पाहायला हवं होतं.

काकूंना हे सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"माझ्या आईचा झोपाळा आहे तो," त्या म्हणाल्या. "सुपारी नव्हे." मग थोडा वेळ खडे वेचून म्हणाल्या, "न्या. पण नीट न्या."

नीट नेण्यात काकांनी काही कसर ठेवली नाही. साखळ्या ओटीवरच राहिल्या. फळी कड्यांसकट उतरवली, पुसली, तेल लावलं. ओलीस ठेवलेल्याचा मान राखावा लागतो म्हणून तिला झेंडूचा हार घातला आणि कुंकवाचं बोट लावलं. फळी आम्ही कारकुनांनी खांद्यावर घेतली. पुढे काका, डोक्याला पगडी, हातात सुभेदारांची छडी. ती आमच्याकडे ओलीस होती, वापरायला दिलेली नव्हती, आणि सुभेदार ते पाहून चांगलेच लाल झाले. अशी मिरवणूक भर बाजारातून खाडीवर गेली. सुतारआळीच्या तोंडाशी विश्राम रंधा हातात धरून उभा होता. त्याने आमच्याकडे आ वासून पाहिलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोळीवाड्यात बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, कोणीतरी फळीवर पाणी शिंपडलं, पाटलीणबाईंनी दोन्ही हातांनी नमस्कार केला, आणि काकांचे डोळे भरून आले. एवढा मान युरोपात कोणी कोणाच्या ओलिसाला दिला नसेल, असं ते परतताना म्हणत होते.

मग पहाऱ्याचे दिवस सुरू झाले. तहाप्रमाणे तिन्ही आळ्यांनी मिळून वाटा राखायच्या होत्या. पेन्शनर शिस्तीने उभे राहत, पण दुपारचा भात झाला की शिस्तीनेच झोपत. कोळी भरती-ओहोटी पाहून येत, आणि भरतीला पहारा सोडून सगळेच्या सगळे मचव्यांकडे पळत. आमची आळी संध्या, जेवण आणि शतपावली उरकल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्यामुळे कधी एकाच कोपऱ्यावर तिघेही उभे आणि कधी साऱ्या गावात चिटपाखरू नाही. एकदा पेन्शनरांनी आमच्याच भिक्षुकाला पकडून ठेवलं, कारण त्याला परवलीचा शब्द येत नव्हता. काकांनी शब्द ठरवला होता, पण तो सगळ्यांना सांगायचा राहून गेला होता. काका मात्र खूश. ठाकुर्लीच्या बाजूपर्यंत चालत जाऊन ते सगळ्या चौक्या पाहून येत आणि दोस्तांच्या वळणाचा हा कसा नमुना आहे ते मला जेवताना समजावून सांगत. मी त्यांना विचारलं की हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक होतं तर मग तह का केला. ते म्हणाले, "ठाऊक असलं म्हणजे होत नाही असं थोडंच आहे?"

झोपाळ्याविना ओटी मोकळी मोकळी दिसे. काकू दुपारी साखळ्यांच्या शेजारी जमिनीवर बसायच्या, भिंतीला टेकून. पायाने जमिनीला नकळत रेटा द्यायच्या. काका तेव्हा वर्तमानपत्रात तोंड घालून असत आणि पान उलटत नसत.

होळीच्या दिवशी दुपारी ओलिसाची विचारपूस करायला काका आणि मी कोळीवाड्यात गेलो. पाटलीणबाईंच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत राखेचा एक गोल दिसला. त्याच्या पलीकडे दुसरा. त्याच्या पलीकडे आणखी एक. संध्याकाळच्या होळीचा खांब अजून नुसता रोवला जात होता. काका राखेच्या पहिल्या गोलाशी थांबले. काठीने त्यांनी राख उकरली. राखेत एक कडी होती.

पाटलीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकांनी कडीकडे बोट दाखवलं. मी विचारलं की फळी कुठे आहे.

"ती तवाच लावली ना," त्या म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "आमच्या कोलीवाऱ्यान पंचमीपास्ना रोज हावली लागतं. पयल्या हावलीला मानाचा लाकूर लागतं. तुमी हार घालून, कुंकू लावून, वाजतगाजत आनलात. शिमग्यान असा लाकूर कशाला येतं?"

त्यांनी आनंदानेच सगळं सांगितलं. पहिल्या होळीत घालण्याआधी सबंध कोळीवाड्याने त्या फळीची पूजा केली होती. सवाष्णींनी नैवेद्य दाखवला होता. बामणाच्या घरून मानाचं लाकूड यायची वाड्यात ही पहिलीच वेळ, म्हणून काकूंच्या नावाने नारळ वाढवला होता आणि त्यांना उदंड आयुष्य मागितलं होतं. ओलीस हा शब्द त्यांनी बैठकीत ऐकला होता, पण बामणं बोलतात त्यातलं निम्मंच धरायचं असतं म्हणून सोडून दिला होता. सांगता सांगता त्यांचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांनी वाकून राखेतली कडी उचलली.

ऑस्ट्रियाचा साहेब किती वाजता जेवतो हे त्या माणसाला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खाडीपर्यंत चालत जाऊन शिमग्याआधीच्या पंचमीपासून लागणाऱ्या होळ्यांची चौकशी मात्र त्याने केली नव्हती. मी काकांचा हात धरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "इटली, हार माझा होता."

काकूंना त्यांनी स्वतःच सांगितलं. मी अंगणात थांबलो. थोड्या वेळाने आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

दिवेलागणीला सुतारआळी आली. ढोल, बोंबा, हातात टेंभे, पुढे विश्राम. आमचे पहारेकरी जेवत होते, पेन्शनर आपल्या होळीपुढे सलामीला उभे होते आणि भरती असल्यामुळे कोळी नव्हते. सगळी झुंड सरळ अंगणात शिरली आणि ओटीशी येऊन थबकली. नुसत्या साखळ्या लोंबत होत्या. विश्रामने झोपाळा कुठाय म्हणून विचारलं. कोणीतरी सांगितलं, दोस्तांनी जाळला. ढोल बंद पडला.

"जाळला?" विश्राम म्हणाला. "आवो, आमी थोडंच जाळणार होतो? तसलं सागवान सुतार जाळंल का? नेऊन आळीत टांगणार होतो, काकांनी येऊन मागंपर्यंत." त्याने रिकाम्या साखळीला हात लावला. "काय रेषा होत्या हो त्या लाकडाला."

म्हणजे साऱ्या कल्याणात त्या फळीला सगळ्यांत सुरक्षित जागा शत्रूच्या घरी होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा काकांच्याही आलं असावं, कारण ते उठून आत गेले. सुतारआळीने आमच्याकडून त्या दिवशी एक काटकीही नेली नाही. परत जाऊन त्यांनी घरचं लाकूड जाळलं.

धुळवडीला काकूंची ट्रंक ओटीवर येऊन बसली. चिपळूणला जायचं तर मुंबईहून आगबोट, आणि आगबोटीचा दिवस रंगपंचमीनंतरचा, म्हणून तेवढी उसंत होती. काकू दोन्ही वेळचं रांधत होत्या, वाढत होत्या, पण कोणाला हाक मारत नव्हत्या. मलाही इटली म्हणाल्या नाहीत. वर्तमानपत्रं येऊन पडली, ती काकांनी उलगडली नाहीत. युरोपात त्या आठवड्यात काय झालं ते आमच्या आळीला कळलंच नाही.

एका सकाळी मी उठून बाहेर आलो तर काका पेटी रिकामी करत होते. सुपाऱ्या एका वाटीत, खारीक वेगळी. मग त्यांनी ती पेटी डोक्यावर घेतली. कोणाला हात लावू दिला नाही. कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकत, जो माणूस पिशवीसुद्धा माझ्या हातात देई तो भर बाजारातून पेटी वाहत सुतारआळीत गेला. मी मागोमाग होतो. विश्रामच्या दारात ती उतरवून काका म्हणाले, "हबसाणची आहे. झोपाळ्याची फळी होईल का?"

विश्रामने कानाची पेन्सिल काढली, पेटीभोवती फिरला, झाकण वाजवून पाहिलं. झाकणाच्या आतल्या नकाशावर त्याने रंधा ठेवला तेव्हा काकांनी मान फिरवली. विश्राम क्षणभर थांबला, आणि त्याने झाकण उलटं केलं. सरकारी अक्षरं रंध्याखाली गेली. नकाशा राहिला.

रंगपंचमीला सुतारआळी फळी घेऊन आली, या खेपेला ढोल न वाजवता. पेटीच्या बाजू खालून जोडून ती चांगली भक्कम केली होती. पाटलीणबाई आल्या, राखेतून निघालेल्या चारही कड्या चिंचेने घासून लखलखीत करून. सुभेदार आले आणि आपली छडी घेऊन गेले, पण गेले ते अंगणाच्या कडेपर्यंतच, मग तिथेच उभे राहिले. साखळ्या अडकवल्या गेल्या. पेटीतला युरोप वरच्या अंगाला होता. सगळे दाराकडे पाहत राहिले.

काकू बाहेर आल्या. त्यांनी फळी पाहिली, पेटीची रिकामी जागा पाहिली, आणि काकांकडे पाहिलं. काका आपल्या जागेवरून उठले होते, पण पुढे यायचं त्यांना सुधरत नव्हतं. काकू ट्रंकेला वळसा घालून आल्या आणि झोपाळ्यावर बसल्या. फळी किंचित करकरली.

"तह?" काकांनी विचारलं.

"आधी झोका द्या," काकू म्हणाल्या.

सगळ्या आळीदेखत. आमच्या वेळी नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलतसुद्धा नसत, झोका देणं तर बाजूलाच. भिक्षुकाने खाली पाहिलं. सुभेदारांनी समोर पाहिलं. काकांनी पगडी काढून माझ्या हातात दिली, झोपाळ्यामागे गेले आणि दोन्ही हातांनी हळूच रेटा दिला.

साखळ्या वाजू लागल्या. मग काकूंनी डोळे न उघडता विचारलं, "मी कुठं बसलेय?"

काकांनी वाकून पाहिलं. "ऑस्ट्रियावर."

"तो उशिरा जेवतो ना?" काकू म्हणाल्या. "मग पानांची घाई नाही. द्या झोका. इटलीला म्हणावं, आज तू वाढून घे."